बांधणीतलं पान

चोडणच्या इगर्जेतली बाप्तिस्म्याची वही
पाद्री लिबेरातांनी टॉवेलात गुंडाळून आणली,
फेरीवर शेजारी ठेवलेल्या बांगड्यांच्या टोपलीचा
थोडा वास घेऊनच.
"बांधणी सुटलीय, शशिकलाबाय. आतलं वाचू नका,
लोक अजून भांडतात त्यावरून."

मी आतलं वाचत नाही. मी पुठ्ठा वाचते.
शिवण, खळ, कसरीची भोकं,
आणि कुठल्या हाताने कुठे घाई केली ते.

पाठीचं कातडं ओलसर केलं, थांबले.
रायबंदरची खारी हवा निम्मं काम करते, निम्मं बिघडवते.
संध्याकाळी खळीच्या थराखालून
दुसरंच कातडं वर आलं. बकऱ्याचं असावं,
मानेकडच्या केसांचे ठिपके अजून मोजता येत होते.
त्यावर दोन रकाने. तपकिरी अक्षरं
रेघेला खालून लोंबणारी, दोरीवर सुकत घातलेल्या जाळ्यासारखी,
आणि अक्षरांच्या डोक्यावर लाल खुणा,
वेलांट्या, आकडे, उलटे रफार,
जणू आमच्या लिपीच्या मात्रा
कुणी परक्या अक्षरांवर विसरून गेलं.

राशोलच्या सेमिनारीतून क्लेओफास आला.
वय तेवीस, ग्रीक दोन वर्षांचं.
पानाला बोट न लावता बोट फिरवत राहिला.
"नऊशे वर्षं तरी असतील. मोठ्याने वाचायचा ग्रंथ हा,
ज्या दिवसाचा त्या दिवशी एक तुकडा.
लाल आहे ते आवाजासाठी."
मग मेस्त रोमुआल्दना बोलावलं,
चाळीस वर्षं पोरांना सोल्फा शिकवलेले.
त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला,
एका खुणेपाशी "हुं" म्हणाले
आणि गप्प झाले.
"चढायचं की उतरायचं,
एवढं सांगायला तरी कुणी उरायला हवं होतं."

तुकडा सुरू होतो 'त्या काळी' असा.
हे शब्द मूळ गोष्टीत नाहीत, क्लेओफास म्हणाला,
गोष्ट तिच्या जागेवरून उचलली
की उभं राहायला तिला एवढी पायरी लागते.
मला हसू आलं. आमच्याकडे आटपाट नगर लागतं.

त्या काळी एक माणूस, हात वाळलेला.
सभास्थान, शब्बाथाचा दिवस, भोवती टपून बसलेले डोळे.
त्याला हात पुढे करायला सांगितलं जातं
आणि तिथे कात्री.

सरळ, धारदार, एका दमात चालवलेली.
वहीच्या मापात पान बसावं म्हणून
कुणीतरी तो हात वाळलेलाच ठेवला.

ते इथवर कसं आलं हे क्लेओफास तीन प्रकारे सांगतो,
म्हणजे त्याला माहीत नाही.
वहीच्या शेवटी पाद्रींनी एक हिशेब वाचून दाखवला:
बांधणावळ, तीन तांगा आणि पायलीभर भात.
नाव नाही. आतल्या शेकडो पोरांना नावं आहेत,
नवी; त्यांच्या आज्यांची जुनी कुणी लिहिली नाहीत;
आणि हे सगळं दमटातून जपणाऱ्याचं तर
नवंही नाही, जुनंही नाही.
पण खळीत त्याचा अंगठा उमटलाय, डावा,
आडवा व्रण असलेला.
सुरी निसटली की होतो तसा. मलाही आहे.

त्यालाही अक्षर लागलं नसणार.
जाड, चिवट, कसरीला न रुचणारं,
एवढं बघून त्याने उचललं असेल.
खरं सांगायचं तर मीही तेच केलं असतं.

कापल्या कडेला मी जपानी कागदाची पट्टी जोडली,
चार बोटं रुंद, कोरी.
पुढचं वाक्य क्लेओफासला पाठ होतं.
म्हटलं, राहू दे.

रात्रभर वजनाखाली ठेवलं. सकाळी वजन काढलं
तर दमटाने ती कड हळूहळू वर उचलली,
पट्टीसकट, टेबलावरून थेट माझ्या दिशेने.
मी बघत राहिले.
दारात पाद्री लिबेरात टॉवेल घडी करत विचारत होते,
किती झाले.

पायलीभर भात, मी म्हटलं.